खाल्लेले अंगी का लागत नाही?

"अगंबाई, किती वाळलाय हा! खायला-प्यायला नीट मिळतं ना घरात?"

आमच्या मामंजींना भेटायला आलेल्या आत्याबाई ओटीवर पाय ठेवता ठेवताच असे म्हणाल्या. बोलल्या सासूबाईंशी, पण ऐकवले मला. मी पेजेची वाटी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सकाळपासूनची ती चौथी वाटी. आधीच्या तिन्ही अर्ध्यामुर्ध्या परत आल्या होत्या. रात्री दार लोटून घेतल्यावर मला रडू आवरेना. "मी का उपाशी ठेवतेय त्यांना?" असे ह्यांना विचारले, तर हे बिचारे काय उत्तर देणार!

मैत्रिणींनो, ज्या घरात कॅन्सर शिरला आहे त्या घरच्या गृहिणीला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागतेच. माणूस वाळला की लोकांचे बोट आधी चुलीकडे वळते. आणि खरे सांगायचे तर आपले स्वतःचे मनही तेच म्हणत असते. म्हणून हा लेख. त्या वर्षभरात डॉक्टरांकडून, दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडून आणि बरेचसे स्वतःच्या चुकांवरून मी जे शिकले, ते तुम्हाला आधीच ठाऊक असावे असे वाटते.

मामंजींचे पेठेत किराणामालाचे दुकान. सारा जन्म तराजूशी गेला. २०१८ च्या संक्रांतीला तीळगुळाची गिऱ्हाइके उरकताना त्यांनी पाच किलोचे लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचललेले मी पाहिले. एरवी एका हाताने उचलून ते अलगद पारड्यात ठेवायचे. पाडव्यापर्यंत पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. संडासातून उठताना भिंतीला हात टेकू लागले. "वय झालं आता," असे आम्ही म्हणालो, तेही तसेच म्हणाले. पोट जड वाटते, दोन घासांत भरल्यासारखे होते, अशी तक्रार होती. तिला आम्ही सुंठ-ओवा दिला. जूनमध्ये तपासण्या झाल्या तेव्हा जठराचा कॅन्सर निघाला. तोवर पोती तोलायच्या काट्यावर त्यांचे वजन चौसष्टाचे पंचावन्न किलो झाले होते.

इथेच पहिली गोष्ट सांगून ठेवते. कोणतेही डाएट न करता सहा महिन्यांत वजन शेकडा पाचने उतरले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले, तर त्याला 'बारीक झालात, छान!' असे म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. दरवेळी कॅन्सरच निघेल असे नाही. मधुमेह असेल, थायरॉइड असेल, क्षय असेल. पण कारण शोधलेच पाहिजे.

*सरपण आणि तुळया*

आता मुख्य प्रश्न. खाल्लेले अंगी का लागत नाही?

आपण एकादशी करतो, कुणी नवरात्राचे नऊ दिवस उपास करते. अशा वेळी शरीर शहाण्या गृहिणीसारखे वागते. आच मंद करते, साठवलेली चरबी आधी काढते आणि स्नायूंना होता होईतो हात लावत नाही. परसातले सरपण आधी जाळावे, घराच्या तुळयांना धक्का लावू नये, तसे. पुन्हा पोटभर जेवण मिळाले की सारे पूर्ववत.

कॅन्सरमध्ये हा हिशेब बिघडतो. गाठीतून आणि तिच्याशी झुंजणाऱ्या आपल्याच पेशींतून काही द्रव्ये रक्तात उतरत राहतात. ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला दाबून टाकतात आणि स्नायूंना जणू मोडण्याचा हुकूम देतात. यकृत त्या मोडलेल्या स्नायूंचे प्रथिन घेते, त्यातल्या काहीची साखर करते आणि बाकीचे सूजेशी लढण्याच्या कामी लावते. म्हणजे परसात सरपण असताना घराच्या तुळयाही चुलीत जातात. बरे, आच मंद करायचेही भान शरीराला राहत नाही. पुष्कळ रोग्यांच्या अंगात तर ती मोठीच होते. बाहेरून तुम्ही वाटीभर खीर घातली, तरी आतला हुकूम चालूच असतो.

याला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वाईट अवस्था'. आपल्या आयुर्वेदातही मांसक्षय हा शब्द आहेच. २०११ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून याची व्याख्या ठरवली. त्यात स्पष्ट म्हटले आहे की ही स्नायूंची झीज नुसत्या जास्तीच्या खाण्याने पूर्णपणे भरून येत नाही. हे मला दवाखान्यात समजावून सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. आत्याबाई तिथे असायला हव्या होत्या, असेही मनात आले. खोटे कशाला बोलू!

जठर, अन्ननलिका, स्वादुपिंड, फुप्फुस, तोंड-घसा यांच्या कॅन्सरमध्ये ही झीज फार दिसते. अंगाने स्थूल असलेल्या माणसाचीही होते, आणि ती कळत नाही हे जास्त वाईट. चरबीखाली स्नायू झिजत असतात, आणि घरचे म्हणतात, 'तब्येत तर चांगली आहे.' पायांवर सूज आली तर काटाही फसवतो. म्हणून काट्याबरोबर डोळ्यांनीही बघा. कानशिलाला खळगा पडला का, गळ्याची हाडे वर आली का, अंगठी बोटात फिरते का, पाटावरून उठताना आधार लागतो का.

आणि हे नुसते दिसण्यापुरते नाही हो. श्वास घेणारे स्नायू, खोकून कफ बाहेर टाकणारे स्नायू हेही त्यातच आले. स्नायू कमी झालेल्या रोग्याला केमोथेरपी सोसत नाही, मग औषधाचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर मध्ये थांबावे लागते. नुसत्या आहाराने कॅन्सर बरा होत नाही, हे खरे. परंतु उपचार पुरा होण्याइतके बळ टिकवणे यात आपल्या स्वयंपाकघराचा वाटा मोठा आहे.

*पोटभर उपास*

आता माझ्या चुका. आजारी माणूस म्हटले की आपल्याकडे ठरलेले पदार्थ असतात. भाताची पेज, साबुदाण्याची खीर, आरारूट, मोसंबीचा रस, शहाळ्याचे पाणी. डाळ नको, गॅस होतो. दूध नको, कफ होतो. दही नको, थंड पडते. शेंगदाणे नकोत, पित्त होते. मीही हेच केले, आणि अगदी मन लावून केले.

भरीला, ओळखीतल्या एकांनी निसर्गोपचारवाल्यांकडे नेले. नाव घेत नाही. त्यांनी सांगितले, साखर आणि दूध बंद करा, गाठीला उपाशी मारा, पंधरा दिवस नुसत्या रसांवर राहा. आम्ही घाबरलेली माणसे, ऐकले. पंधरा दिवसांत पंचावन्नाचे बावन्न झाले. गाठ होती तिथेच होती!

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी मला एक दिवसाचे सगळे खाणे लिहून आणायला सांगितले. सकाळचा चहा, तीन वाट्या पेज, अर्धा कप दुधातली साबुदाण्याची खीर, रस, शहाळे, दोन घास तूप-भात. त्यांनी पेन्सिलीने बेरीज मांडली. दिवसभराचे प्रथिन जेमतेम पंधरा ग्रॅम.

"आणि लागतं किती?" मी विचारले.

त्यांनी सांगितलेला हिशेब सोपा आहे. कॅन्सरच्या रोग्याला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमच्या वर, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिन हवे. उष्मांक किलोमागे पंचवीस ते तीस. म्हणजे बावन्न किलोच्या मामंजींना बावन्न ते अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. "वहिनी, तुम्ही त्यांना पोटभर उपास घडवताय," बाई म्हणाल्या. रागावून नव्हे, हसून. पण मला ते लागले.

साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतेच, हे किती जणींना ठाऊक आहे? मला नव्हते. शहाळ्याचे पाणी, फळांचे रस, आरारूट यांचेही तेच. हे पदार्थ वाईट नाहीत, पण मुठीएवढ्या भुकेतली जागा त्यांनीच अडवली तर उरते काय!

साखरेबद्दलही बाईंनी समजावले. गाठीच्या पेशी साखर जास्त वापरतात हे खरे. पण खाण्यातली साखर बंद करून त्यांना उपाशी मारता येत नाही. बाहेरून मिळाली नाही तर शरीर स्नायू मोडून ती घरातच तयार करते. म्हणजे पुन्हा तुळयांवरच घाला. (मधुमेह असेल तर त्याचे पथ्य अर्थातच वेगळे, ते डॉक्टर सांगतील तसेच.)

मग आमच्या घरचा स्वयंपाक बदलला. पदार्थ नवे नव्हते, त्यात घालायच्या वस्तू बदलल्या. एक कप दुधात दोन मोठे चमचे सायविरहित दुधाची पावडर ढवळली की त्याच कपातले प्रथिन सहा-साडेसहावरून अकराच्या आसपास जाते, आणि पोटाला जडही वाटत नाही. तीस ग्रॅम डाळीचे दाट वरण म्हणजे सात ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर म्हणजे नऊ. मूठभर, म्हणजे पंचवीसएक ग्रॅम शेंगदाण्यांचे कूट म्हणजे सहा. पेज बंद केली नाही. तांदळाबरोबर मुगाची डाळ शिजवली, वरून चमचाभर तूप. खिरीला साबुदाण्याऐवजी दलिया घेतला. भातावर मेतकूट, कारण मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळीच की! मुगाचे धिरडे आणि दही, पातळसर पिठले आणि दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, चक्क्यात जरा साखर-वेलची घालून चमच्याने भरवणे, असे सगळे करून पाहिले. दिवसाचे सात वेळचे खाणे आणि प्रत्येक वेळी वाटी लहान.

अंड्यांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. आमचे घर शाकाहारी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, मऊ, स्वस्त, असे बाई म्हणाल्या आणि सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच माळ्यावरून एक जुने पातेले काढून त्यांनी मागच्या पडवीत स्टोव्हजवळ ठेवले. म्हणाल्या, "माझ्या देवाला मी सांगीन काय ते." आणि मामंजींनी काय करावे? दोन दिवस खाल्ले आणि म्हणाले, "नको गं बाई, वास येतो!" पातेले पुन्हा माळ्यावर गेले. ज्यांच्याकडे मासे-मटण चालते त्यांचे काम सोपे. मऊ मासा, कोंबडीचे सूप देताना त्यातल्या तुकड्यांसकट. नुसत्या पाण्यात ताकद उतरते हा आपला समज, प्रथिन तुकड्यातच राहते.

*वास, चव आणि वेळ*

केमोथेरपीच्या दिवसांत फोडणीचा वास आला तरी त्यांना उमाळा यायचा. म्हणून मी फोडण्या पहाटे उरकू लागले, आणि वाढताना पदार्थ गरमागरम न देता कोमट किंवा गार देऊ लागले. गार पदार्थाला वास कमी येतो. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणाले, तर स्टीलचा चमचा काढून प्लॅस्टिकचा दिला, तेवढ्यानेही फरक पडला. त्यांची भूक सकाळी बरी असे, संध्याकाळी मावळत जाई. म्हणून मोठे जेवण सकाळी नऊला. दुपारचे बारा म्हणजेच जेवणाची वेळ, हे कुणी ठरवले?

जेवणाआधी तांब्याभर पाणी देऊ नये, त्यानेच पोट भरते. उलटी थांबवायची गोळी डॉक्टर सांगतील तितका वेळ आधी द्यावी, ताट वाढल्यावर नव्हे. दुखत असेल तर आधी दुखणे थांबवावे, दुखऱ्या माणसाला कसली भूक! वेदनेच्या काही औषधांनी बद्धकोष्ठ होते आणि त्यानेही अन्नावरची वासना उडते, हे मला उशिरा कळले. तोंड आले असेल तर तिखट-आंबट बंद, आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा उघड्यावरचे, कच्चे, शिळे काही नको.

तोंडाचा, घशाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर गोष्ट थोडी निराळी. तंबाखूपायी आपल्याकडे हे कॅन्सर फार. (आणि मिश्री म्हणजेही तंबाखूच, बरं का!) तिथे भूक असूनही घास खाली उतरत नाही. अशा वेळी डॉक्टर नाकातून किंवा पोटातून नळी घालायला सांगतात आणि घरात रडारड होते, नळी म्हणजे शेवट, असे समजून. तसे नाही. किरणांच्या उपचारात घसा भाजलेला असताना तो पूल आहे. उपचार संपून गिळता येऊ लागले की पुष्कळांची नळी निघते.

आहाराइतकीच एक गोष्ट मला पटायला जड गेली, ती म्हणजे हालचाल. आजारी माणसाला आपण हातातली वाटीसुद्धा उचलू देत नाही. पण नुसते पडून राहिले की निरोगी माणसाचेही स्नायू उतरतात, मग याचे काय! प्रथिन पोटात गेले तरी स्नायूला काम नसेल तर ते तिथे टिकत नाही. फिजिओथेरपिस्टने मामंजींना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला-बसायला लावले, दिवसातून तीनदा. शिवाय पेठेच्या कोपऱ्यापर्यंत चालणे. दुकानातले एक किलोचे वजन हातात घेऊन कोपरातून दहा वेळा वर-खाली, ही त्यांची स्वतःची भर. (हाडांत रोग पसरलेला असेल तर विचारल्याशिवाय असे काही करू नये.)

औषधांबद्दल थोडक्यात सांगते, कारण शेजारीपाजारी 'भुकेची गोळी' सुचवतातच. स्टेरॉइडने काही आठवडे भूक लागते, पण फार दिवस घेतले तर त्यानेच स्नायू झिजतात. मेजेस्ट्रॉल नावाच्या औषधाने वजन वाढते, परंतु वाढते ती बहुतेक चरबी आणि पाणी, आणि रक्तात गुठळी होण्याचा धोकाही असतो. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये शंभरावर रोग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. केमोथेरपीबरोबर ओलान्झापिन हे मनोविकारांवरचे जुने, स्वस्त औषध अगदी कमी मात्रेत, बारा आठवडे दिले. ते घेणाऱ्यांपैकी शेकडा साठ जणांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. न घेणाऱ्यांत शेकडा नऊ. जपानने २०२१ मध्ये या झिजेसाठी ॲनामोरेलिन हे औषध मंजूर केले. २०२४ मध्ये भूक मारणाऱ्या जीडीएफ-१५ या द्रव्याला बांधून ठेवणाऱ्या इंजेक्शनचे आशादायक निष्कर्ष आले, पण ते तेव्हा चाचणीच्या पायरीवर होते. यातले कोणते कुणाला द्यायचे हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. मामंजींच्या वेळी आम्हाला यातले फारसे काही उपलब्ध नव्हते.

*खतावणीतले आकडे*

दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी मामंजी स्वतः पोत्याच्या काट्यावर उभे राहत आणि वजन एका जुन्या खतावणीत लिहीत. दिवसाचे प्रथिन मी त्यात मांडायची. ठरल्याप्रमाणे साठ ग्रॅमचे ताट तयार व्हायचे, पोटात जायचे कधी पंचेचाळीस, कधी पन्नास. पण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत काटा बावन्नाच्या आसपास राहिला. वाढला नाही. पण उतरलाही नाही. त्या चार महिन्यांत केमोथेरपीचे ठरलेले सगळे फेरे झाले, दिवाळीत ते गल्ल्यावर बसले आणि धाकट्या नातीला पाढ्यांऐवजी पावकी-निमकी शिकवू लागले. आमच्या सगळ्या खटाटोपाची कमाई एवढीच. मला ती थोडी वाटत नाही.

जानेवारीत रोग पुन्हा पसरला. मार्चमध्ये वजन पंचेचाळीसच्या खाली आले, आणि दोन घासांनंतर ते हात आडवा धरू लागले. सासूबाईंना ते सोसवेना. "एवढाच, माझ्यासाठी एवढाच," म्हणत त्या चमचा पुढे करायच्या, ते केवळ त्यांच्या समाधानासाठी गिळायचे आणि घटकाभराने सगळे उलटून पडायचे. मी पाठ चोळायची. तरी दुसऱ्या वेळेला पुन्हा तेच.

शेवटी डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले, "आजी, ते जेवत नाहीत म्हणून चाललेले नाहीत. ते चालले आहेत म्हणून जेवत नाहीत." या अवस्थेत शरीर अन्न घेऊच शकत नाही. बळेच घातले तर ठसका लागतो, अन्न छातीत जाते. सलाइनचा आग्रह नातेवाईक हमखास धरतात, आमच्याकडेही धरला. पण ते पाणी अशा शरीरात मुरत नाही, पायांवर नि फुप्फुसांत साचते आणि श्वास जड होतो. त्यापेक्षा ओठांना साजूक तूप, ओल्या कापसाने तोंड पुसणे, बर्फाचा बारीक खडा चोखायला देणे, याने रोग्याला खरा आराम पडतो. बेरीज मांडणे मी त्याच दिवशी थांबवले. जे आठवेल, जे मागतील ते, आणि तेवढेच. कधी ताकाचा घोट, कधी लोणच्याचा नुसता खार जिभेला लावायला. सासूबाईंनी चमचा ठेवला आणि त्यांचे तळपाय चेपायला घेतले. त्यांना तेच आवडायचे.

एप्रिलमध्ये आत्याबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. येताना हापूसची पेटी आणली होती. मी रस काढला, गाळून घेतला. मामंजींनी दोन चमचे घेतले, डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवले. मग खूण करून खतावणी मागितली. तीन सोमवार त्यात आकडा पडला नव्हता. त्यांनी पेन्सिल धरली, हात थरथरत होता, तरी तारीख घालायला विसरले नाहीत. खाली लिहिले, "आंबा, २ चमचे. गोड निघाला."